जळगावच्या उन्हाळ्यात सेम्परव्हायव्हम

पार्सल आलं तेव्हा डिसेंबर होता. जळगावातला डिसेंबर म्हणजे पहाटे गोधडी सोडवत नाही असा गारठा. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सेम्परव्हायव्हम म्हणून मागवलेली पाच रोपं होती, लिंबाएवढी, मुळांना ओलसर कोकोपीट चिकटलेलं. मी ती परातीत काढून ओट्यावर ठेवली. सासूबाई पोथी वाचायचं भिंग हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या, ते मी मागून घेतलं.

भिंगाखाली पानाची कड पाहिली आणि बराच वेळ पाहतच राहिले. डोळ्यांच्या पापण्या असतात तसे बारीक पांढरे केस कडेने एका ओळीत उभे होते, प्रत्येक पानाला. पानावर पान, त्यावर पान, मध्ये घट्ट मिटलेली कळी. दगडात कोरलेलं कमळ वाटावं असा घाट. चार रोपांना हे केस होते. पाचव्याला नव्हते. त्याच्या पानावर पांढरट भुकटी होती आणि बोट लागलं तिथे ठसा उमटला. विकणाऱ्याने पाचही एकाच नावाने पाठवली होती, पण ते पाचवं इचेव्हेरिया होतं, तसंच दिसणारं दुसरं झाड. सेम्परव्हायव्हम मागवलं आणि हाती इचेव्हेरिया आलं, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, म्हणून ही खूण आधीच सांगून ठेवते: कडेचे केस बघा. दुसरी खूण नंतर कळली. इचेव्हेरियाचं पान मोडून कोरड्या जागी ठेवलं की त्याला मुळं आणि इवलं रोप फुटतं, सेम्परव्हायव्हमचं पान नुसतं सुकून जातं. त्याची वाढ बगलेतून निघणाऱ्या पिल्लांनीच होते.

सेम्परव्हायव्हम या लॅटिन नावाचा अर्थच 'सदा जिवंत'. आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन, कॉकेशस अशा डोंगरांतलं हे झाड, खडकाच्या फटीत बसून बर्फाखाली हिवाळा काढणारं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये त्यातल्या एका जातीला 'टेक्टोरम' म्हटलं, म्हणजे छपरांवरचं. युरोपात लोक ते मुद्दाम घराच्या छपरावर लावत. कौलं धरून ठेवतं आणि वीज पडू देत नाही अशी श्रद्धा होती. इसवी सन 800 च्या सुमाराला शार्लमेन राजाच्या जमिनींसाठी जो हुकूमनामा निघाला, त्यात बागेत काय काय लावायचं याची लांबलचक यादी आहे आणि अगदी शेवटी सांगितलंय की माळ्याने आपल्या घरावर हे झाड ठेवावं.

ते वाचताना मला पारोळ्याकडचं मामांचं धाब्याचं घर आठवलं. लाकडी माळवदावर खारी माती पसरून चोपलेलं धाबं, दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची, आणि श्रावणात वर गवत उगवलेलं असायचं. छपरावर उगवणारं झाड आपल्याला परकं नाही. त्यामुळे हे झाड आपल्याकडे रमेल असं मला मनापासून वाटलं. युरोपातलं छप्पर आणि खानदेशातलं धाबं यांच्यात उन्हाचा केवढा फरक आहे, हे मात्र मी तेव्हा मोजलं नव्हतं.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. गच्चीवर दिवसभर कोवळं ऊन, रात्री पारा दहा-बाराच्या घरात. पानांची टोकं आधी तांबूस झाली, मग पूर्ण कड लालसर, एका रोपाचा तर सगळा पसारा जांभळट. थंडी आणि ऊन एकदम मिळालं की ही झाडं असा रंग धरतात. संक्रांतीच्या सुमाराला एका रोपाच्या बगलेतून दोऱ्यासारखे देठ निघाले आणि प्रत्येकाच्या टोकाला वाटाण्याएवढं पिल्लू. आमच्याकडे केळीला मुनवे फुटतात तसंच. मी रोज सकाळी मोजायचे. फेब्रुवारीअखेर सहा झाली होती.

मग शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं. चैत्रात चाळीस, वैशाखात चव्वेचाळीस. खानदेशातल्या घरात उन्हाळ्यात एक रीतच असते: दारात आलेल्याला आधी पाणी, चिमण्यांना परळात पाणी, तुळशीला दोन वेळा पाणी. मी या रोपांनाही रोज संध्याकाळी पाणी घालत होते. एखाद दिवशी राहिलं तर सासूबाई आठवण करायच्या, "त्याले पानी दे वं माय, जीव शे त्याले बी." पानं जरा मऊ पडलेली दिसली की मला वाटायचं तहानली आहेत, मी अजून एक तांब्या घालायचे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. सकाळी एका रोपाचं वाळलेलं पान काढायला हात लावला तर मधली कळीच हातात आली. खालचं खोड तपकिरी, पाणचट, आणि शिळ्या ताकासारखा आंबूस वास. बाकीची वरून ठीक दिसत होती. दोन बोटांनी हलवली तर सगळी सैल होती, मुळं सुटलेली. मृग लागेपर्यंत चारही गेली, सहा पिल्लंही गेली. एका कुंडीतलं मी मुळापर्यंत उकरून पाहिलं. मी बागेतलीच माती भरली होती, शेतावरून आणलेली काळी, त्यात थोडं शेणखत. वरचा थर तडकून कोरडा होता आणि चार बोटं खाली गोळा वळता येईल इतकी ओल. कपाशीला हीच काळी माती आई असते, कारण ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि सुकायला दिवसच्या दिवस घेते. या रोपांना तिने गुदमरवलं.

माती चुकली हे कळलं, पण तेवढ्याने समाधान होईना. पाचवं, इचेव्हेरिया, त्याच मातीत होतं आणि रडतखडत का होईना जगलं होतं. मग हीच का गेली?

उत्तर मला परसातल्या पानफुटीत मिळालं. पानफुटी या रोपांच्याच कुळातली, क्रॅसुलेसी कुळातली. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होता. त्याने पानफुटीची पानं चाखून पाहिली आणि लिहून ठेवलं की सकाळी ती आंबट लागतात, दुपारपर्यंत आंबटपणा ओसरतो. ते टिपण 1815 मध्ये छापलं गेलं. हे वाचल्यावर मी दुसऱ्याच दिवशी पहाटे परसात गेले. पानाचा नखाएवढा तुकडा दाताखाली धरला आणि थुंकला. (गिळू नये, पानफुटीत विषारी अंश असतो. गुरांनाही बाधतो.) जूनचा पहिला आठवडा होता. किंचित आंबट. संध्याकाळी पुन्हा चाखला तर नुसता पालेभाजीसारखा फिका. तोच प्रयोग मी डिसेंबरात केला. पहाटे साडेसहाला, हात गारठलेले, आणि पान दाताखाली येताच चिंचेचा कोवळा पाला चावल्यासारखं तोंड आंबलं.

माझ्या जिभेवरचा हा फरक म्हणजेच या झाडांच्या जगण्यामरण्याचा हिशेब. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवा घेतात. ही मंडळी दिवसा छिद्रं मिटून घेतात, म्हणजे पाणी उडत नाही, आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा दारं बंद ठेवून त्याच साठ्यावर उन्हात साखर बनवतात. पहाटेचा आंबटपणा म्हणजे रात्रभरची कमाई. आता वैशाखातल्या जळगावची रात्र बघा. अकरा वाजता गच्चीवरच्या थर्मामीटरवर चौतीस, फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, पहाटेही पारा अठ्ठावीसच्या खाली येत नाही. अशा रात्री कमाई नीट होत नाही, आणि उष्म्यात श्वसन वाढल्याने गाठीला असलेलंही खर्च होतं. इचेव्हेरियाचा मुलूख मेक्सिको, त्याची सहनशक्ती जरा जास्त. आल्प्समधलं रोप मात्र अशा वेळी सगळं काम थांबवून स्वतःला मिटून घेतं. मुळंही पाणी ओढत नाहीत. पान मऊ पडतं ते त्यामुळे, आणि मी ती तहान समजून झोपलेल्या मुळांत रोज पाणी ओतत होते. गरम आणि ओलं असं दोन्ही मिळाल्यावर बुरशीला दुसरं काय हवं. आपल्याकडे हरभऱ्याला मर लागते तशीच ही मर.

म्हणून मी वेळापत्रक उलटं केलं. त्यांच्या देशात हिवाळा झोपेचा, आपल्याकडे उन्हाळा.

दुसऱ्या डिसेंबरात तीन रोपं मागवली, त्यातलं एक अराक्नॉइडियम जातीचं, ज्याच्या टोकाटोकांत कोळ्याचं जाळं विणल्यासारखे पांढरे धागे असतात. या वेळी आधी माती केली. वीटभट्टीवरून मोडक्या विटा आणून खलबत्त्यात कुटल्या, मग गव्हाच्या चाळणीने चाळून पीठ वेगळं केलं आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढी खर ठेवली. दोन भाग विटांची खर, एक भाग खडी क्रशरवरची धुतलेली कच, एक भाग गिरणेची जाडी वाळू, अर्धा भाग जुनं चाळलेलं शेणखत. काळी माती चिमूटभरही नाही. कच धुतलीच पाहिजे, तिच्यातली भुकटी पाण्याबरोबर खाली बसून सिमेंटसारखी घट्ट होते. कुंडी भरली की मी तांब्याभर पाणी ओतून बघते. बोलता बोलता ते खालून निघून गेलं पाहिजे. शेतकरी ज्याला 'वापसा' म्हणतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, तो या कुंडीत पाणी घातल्यापासून दोन दिवसांत यायला हवा. कुंडीच्या तळाशी मोठ्या खड्यांचा थर द्यायची पुष्कळांना सवय असते. त्याने निचरा सुधारत नाही, उलट वरच्या मिश्रणात ओल अडकते. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

भांडं म्हणून मला घरातच एक वस्तू सापडली. मांडे करायचं आमचं जुनं खापर काठाला तडकलं होतं. सासूबाईंना ते टाकवत नव्हतं, त्यावर त्यांनी तीस वर्षं मांडे केले होते. ते उलटं ठेवलं की परातीपेक्षा जरा खोल, पसरट भांडं होतं. भोकं पाडायला मी ते रात्रभर पाण्यात भिजत घातलं, सकाळी गोणपाटावर ठेवून ड्रिलचा दाब न देता हळूहळू फिरवलं, मध्ये मध्ये पाण्याची धार सोडत. तीन भोकं पडली, तडा वाढला नाही. आतून तांबूस भाजकी माती, बाहेरून चुलीच्या धुराने काळंभोर. या रोपांची मुळं खोल जात नाहीत, त्यांना उथळ आणि पसरट जागा लागते. शिवाय भाजकी माती अंगातून ओल बाहेर टाकते, त्यामुळे खापर त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा कितीतरी चांगलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्यात विटांची खर पसरली.

हिवाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पाणी. आधी झाडूची काडी मुळाशी खुपसायची, काढून गालाला लावायची. गार लागली तर थांबायचं, कोरडी असली तर खालून वाहेपर्यंत भरपूर घालायचं. घोट घोट पाणी रोज घालण्यापेक्षा पोटभर घालून मग सुकू देणं चांगलं. जानेवारीत खालच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. कपाशीवर येतो तोच पिठ्या ढेकूण. इअरबडवर स्पिरिट घेऊन एकेक ठिपका पुसला, पाच दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. तीन वेळांत गेला.

मार्चपासून पाणी कमी करत आणलं, आणि आखाजीला बंद. घरात आंबरस-पुरणपोळीची गडबड, माहेरवाशिणींचे झोके, आणि त्याच दिवशी मी खापर गच्चीवरून खाली उतरवलं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडतो, म्हणून गच्ची ही रात्रीची सर्वांत वाईट जागा. खाली उत्तरेच्या ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत विटांवर ठेवलं. तिथे सकाळी आठपर्यंतच तिरपं ऊन येतं. रात्री साडेनऊला मी ते उचलून कूलरच्या खोलीत न्यायचे आणि पहाटे पुन्हा बाहेर. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे कूलर खोली चांगली गार करतो. वाऱ्याच्या थेट झोतात नाही, कोपऱ्यात ठेवायचे. पन्नास-बावन्न रात्री हे केलं. पाणी पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही भल्या पहाटे, कडेने दोन-तीन चमचे, मुळं अगदी करपू नयेत इतपत.

ते दिवस कठीण होते. बाहेरची पानं कागदासारखी वाळत गेली, आतली आवळत गेली, आणि लिंबाएवढं रोप सुपारीएवढं झालं. सासूबाई दोन वेळा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पहिल्या वर्षीच्या कुजलेल्या रोपांची आठवण करून दिली तेव्हा त्या मुकाट्याने तुळशीकडे वळल्या. एक रोप मे महिन्याच्या शेवटी गेलं. कुजलं नाही, वाळलं. अराक्नॉइडियम ऑगस्टात गेलं. उन्हाळा संपला म्हणून मी सैल झाले होते आणि एका रात्री जोराच्या पावसात पागोळ्यांचं पाणी थेट त्याच्यावर पडत राहिलं. जाळ्यात पाणी अडकलं, दुसऱ्या दिवशी ढगाळ उकाडा, तिसऱ्या दिवशी मधला भाग काळा. खानदेशात लोक उन्हाळ्याची भीती घालतात. माझ्या अनुभवाने श्रावण-भाद्रपदातला दमट उष्मा या झाडांना जास्त घातक आहे. उन्हाळ्यात निदान हवा कोरडी असते. पावसाळ्यात छप्पर आणि मोकळा वारा दोन्ही हवेत, काचेमागे कोंडून ठेवून चालत नाही.

तिसरं टिकलं. दसऱ्यानंतर पहाटे गारवा आला, मी पहिल्यांदा पोटभर पाणी घातलं, आणि चार दिवसांनी ती सुपारी हलकेच सैल झाली. मधून पोपटी पान निघालं, त्याच्या कडेला तेच पांढरे केस, नवे कोरे. भिंग आणून पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं.

त्यानंतरचे उन्हाळे याच रीतीने काढले. दरवर्षी थोडं नुकसान होतंच, आणि आता मी ते धरूनच चालते. ज्यांना आपल्या भागात अशा पानांच्या कमळासारख्या वनस्पती लावून बघायच्या आहेत त्यांनी सेम्परव्हायव्हमपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ग्रॅप्टोपेटलम पॅराग्वायेन्से लावा. नावात पॅराग्वे असलं तरी ते मेक्सिकोचं. राखाडी-गुलाबी पानं, गळलेल्या प्रत्येक पानातून रोप, जळगावचं सकाळचं कडक ऊनही ते झेलतं. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची, तिला सावलीच हवी, खिडकीतही खूश असते. त्याच मिश्रणात ही दोन्ही माझ्याकडे वर्षानुवर्षं मजेत आहेत, त्यांच्याबद्दल लिहावं असं काही घडतच नाही. आणि खरं कणखर पाहायचं असेल तर बांधावरचा घायपात पाहा. तोही मेक्सिकोहूनच आलेला, पण आता इथलाच झालाय. पारोळ्याच्या वाटेवर एका बांधावरच्या घायपाताला दोन वर्षांपूर्वी विजेच्या खांबासारखा तुरा आला होता. फुलून झालं की तो मरतो, भोवती पिल्लं सोडून. सेम्परव्हायव्हमचं कमळही एकदाच फुलतं आणि संपतं. केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घड उतरवला की खोड जातं आणि पिलबाग पुढे चालते. माझ्याकडे सेम्परव्हायव्हम अजून फुललेलं नाही. फुलण्याआधी त्याला लागते तेवढी दीर्घ थंडी आपल्याकडे पडत नाही, तेव्हा ते कमळ अजून काही वर्षं माझ्याजवळ राहील.

त्या एका रोपाची आज खापरात सात पिल्लं आहेत. यंदा भाऊबीजेला नणंद नाशिकहून आली होती, तिच्यासाठी दोन काढली. पिल्लाचा देठ वाळून दोऱ्यासारखा झाला की समजायचं त्याला स्वतःची मुळं आली. मग कात्री न लावता ते अलगद सुटतं. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, सोबत पिशवीत विटांची खर भरून दिली. नाशिकच्या रात्री आमच्यापेक्षा गार, तिथे ती जास्त सुखात राहतील. नणंद गाडीत बसली तशा सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि तिला म्हणाल्या, "उन्हायामा पानी नको टाकजो वं. कोमायेल दिसनं तरी बी नको टाकजो."